पहाटेच्या बोटीसाठी नाशिकहून कुठे जावं आणि कधी? (मागच्या वेळी पार पोपट झालाय)

उपनगरवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, आधीच माफी.

मागच्या डिसेंबरात आम्ही पाच जण, म्हणजे मी, बायको, सहावीतली मुलगी आणि आईबाबा, अलिबागच्या बाजूला गेलेलो. बायकोला समुद्रावरचं चांदणं बघायचं होतं म्हणून मुद्दाम पौर्णिमा धरून गेलो आणि मुलीला बघायचे होते डॉल्फिन, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेची बोट ठरवली. आदल्या संध्याकाळी बोटवाल्याशी बोलणं झालं, ॲडव्हान्स दिला, तो म्हणाला या सकाळी. आम्ही सगळ्यांना साडेचारला उठवून, आईला स्वेटर-शाल-कानटोपी घालून पावणेसहाला किनाऱ्यावर हजर, आणि बघतो तर समुद्रच नाही!! म्हणजे होता, पण पार तिकडे लांब, मधे नुसता चिखल आणि ओली वाळू, आणि आमची बोट त्या चिखलात म्हशीसारखी एका कुशीवर पडलेली. साडेसहाला ते बोटवाले दात घासत आले आणि शांतपणे म्हणाले, पाणी नाय दादा, दहानंतर बघू.

दहाचे अकरा झाले. तोवर वारा सुटला. बोट जी काय हलत होती, बायकोला अशी लागली की विचारू नका, बाबा दोन्ही हातांनी फळी धरून रामरक्षा म्हणत बसलेले, आणि डॉल्फिन म्हणाल तर एक शेपूट पण नाही. मुलगी परतीच्या वाटेवर कसाऱ्यापर्यंत बोलली नाही माझ्याशी.

तर प्रश्न असे की त्या बोटवाल्याने आम्हाला गंडवलं का आमचंच काही चुकलं? आणि यंदा जायचं तर नाशिकहून कुठे जावं? दत्तजयंतीच्या पुढेमागे दोन-तीन दिवस काढता येतील, बायकोचा चांदण्याचा हट्ट अजून आहेच. आणि आई, डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेजवळ एलिफंटाच्या बोटीला जो अपघात झाला ते टीव्हीवर बघितल्यापासून बोटीचं नाव काढलं तरी नको म्हणते, ती मागच्या वेळी पण किनाऱ्यावरच बसली होती. तिला तयार कसं करायचं तेही सांगा.

ना_भो

काय भो, गंगापूर धरणावर बोट क्लब आहे ना आपला. भरती नाही ओहोटी नाही, पाणी जाऊन जाऊन जाणार कुठं, फार तर मराठवाड्यात 😄 अर्धा तास फिरायचं, येताना मिसळ हाणायची, दहाला घरी. चारशे किलोमीटर जाऊन चिखल कशाला बघायचा, तो तर पावसाळ्यात आमच्या गल्लीत पण असतो.

उपनगरवाला

भाऊ, डॉल्फिन सोडा ना मग धरणात दोन.

आंजर्लेकर_नाशिकरोड

बोटवाल्याने गंडवलं नाही. त्याची चूक एवढीच की आदल्या दिवशी तुम्हाला स्पष्ट सांगितलं नाही. पण बाकी चूक तुमचीच, राग मानू नका, कारण तुम्ही वार आणि चांदणं बघून गेलात, पाणी बघून नाही गेलात.

माझं गाव आंजर्ले, दापोली तालुका. नोकरी सगळी इथं नाशिकरोडला प्रेसमध्ये गेली, आता रिटायर होऊन सात वर्षं झाली. लहानपणी खाडीवर पूल नव्हता तेव्हा तरीने, म्हणजे होडीने, पलीकडे जायचो, आणि शाळेला उशीर होणार का नाही हे घड्याळावर नसायचं, तिथीवर असायचं. आजी चुलीपुढे बसून बोटं मोजून सांगायची, आज होडी अमक्या वेळेला लागेल. तो हिशोब सांगतो, लिहून ठेवा.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, सकाळी पण आणि साधारण तेवढ्याच वाजता संध्याकाळी पण. म्हणजे अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहाला भरती. चतुर्थीला तीन. दशमीला साडेसात. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो का वद्य, हिशोब तोच. आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा पाऊण तास इकडे तिकडे होतो, अलिबाग-मुंबईकडे आमच्यापेक्षा थोडी उशिरा येते, पण ढोबळ अंदाजाला पुरतो. चंद्र रोज उशिरा उगवतो तशी भरती पण रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, बाकी काही जादू नाही त्यात.

आता तुमची पौर्णिमा लावा. भरती सव्वाअकरा-बाराला, म्हणजे ओहोटी पाच-सहाला. तुम्ही बरोब्बर ओहोटीच्या टोकाला जाऊन उभे राहिलात! त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जितकं वर येतं तितकंच खाली जातं, म्हणून बोट चिखलात. अष्टमीच्या पुढेमागे असतं त्याला भांग म्हणतात, तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरत पण नाही, ओढ कमी असते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलेलो सगळे, परीक्षेत आकृती काढून मार्क घेतले आणि विसरलो. रात्री जमीन लवकर गार होते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो तो मतलई, हिवाळ्यात पहाटे तो अगदी हलका असतो आणि पाणी परातीतल्यासारखं सपाट. ऊन चढलं की जमीन तापते आणि अकरा-बाराच्या सुमाराला समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, लाटा फुटायला लागतात. तुम्ही नेमके त्याच वेळेला निघालात, मग बोट लागणारच सूनबाईंना.

म्हणून पहाटेच्या बोटीला सप्तमी ते एकादशी. तेव्हा सव्वापाच ते सव्वाआठच्या मधे भरती येते, बोट किनाऱ्याशी तरंगत असते, वारा उठायच्या आत तुम्ही परत.

उपनगरवाला

काका, दंडवत. इतकं सोपं असताना मी वर्षभर त्या बोटवाल्याला शिव्या घालत होतो. पण मग बायकोचं चांदणं? पौर्णिमेला बोट नाही आणि अष्टमीला चांदणं नाही, मी मधल्या मधे मेलो.

आंजर्लेकर_नाशिकरोड

अहो दोन्ही मिळतं की. शुद्ध दशमी-एकादशी धरा. शुद्ध पक्षातला चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो, मध्यरात्र उलटेपर्यंत मावळत नाही, चांगला पाऊण भरलेला असतो, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, बसलं तर सावली पडते इतकं चांदणं. आणि सकाळी साडेसात-आठला भरती. वद्य दशमी मात्र नको, तेव्हा चंद्र उगवेपर्यंत सगळे झोपलेले असतात. दत्तजयंतीच्या चार-पाच दिवस आधी जा, झालं काम.

उपनगरवाला

त्याच आठवड्यात मुलीचं गॅदरिंग आहे, ती झाड झालीये नाटकात. म्हणजे पौष शुद्ध दशमीवर जातंय. चालेल, रजा टाकतो. ठिकाण?

गंपू_गंगापूररोड

काका बरोबर आहेत पण एवढ्या लांब दापोलीला कशाला? त्र्यंबक-जव्हार करून डहाणू दीडशे किमीच्या आतबाहेर आहे, पहाटे निघालं की नाश्त्याला पोचतो. बोर्डीला मस्त सुरूबन आहे, चिकू आहेत. मी दर वर्षी जातो.

आंजर्लेकर_नाशिकरोड

फिरायला उत्तम, मी पण गेलोय. पण गुजरातच्या जितकं जवळ जाल तितका भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, खंबातच्या आखाताकडे पाणी नरसाळ्यात शिरल्यासारखं होतं ना. बोर्डीला ओहोटीचा समुद्र बघितलाय का, कुठल्या कुठे जातो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन बोटीत चढायचं तर दक्षिणेकडे जाल तितकं सोपं. तारकर्ली-देवबागला कर्ली खाडीच्या संगमापाशी सगळ्यात सोपं, पण नाशिकहून ते साडेपाचशेच्या वर पडतं.

इंदिरानगरची_मी

दापोलीच्या मुरुडला जाणार असाल तर माझा अनुभव ऐकूनच जा!! मुरुड दोन आहेत. एक रायगडमधलं, जंजिऱ्याचं, आणि दुसरं दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं, महर्षी कर्व्यांचं. आमच्या भिशीच्या ग्रुपमधल्या चार फॅमिली जाणार होतो, सगळ्यांनी आपापलं ऑनलाइन बुक केलं, आणि रात्री आठ वाजता फोनवर “अगं आम्ही पोचलो, तुम्ही कुठे” “आम्ही पण पोचलो, तुम्ही कुठे” असं पंधरा मिनिटं चाललं होतं. दोन फॅमिली एका मुरुडला आणि दोन दुसऱ्या मुरुडला. नवरा म्हणे दिसतंय तर जवळच, गाडी काढू, अहो मधे खाड्या आहेत, रात्रीची जंगलजेट्टी (गाड्या पलीकडे नेणारी बोट) काही नसते, वळसा घालून तीन-चार तास! मग ज्याचं त्याचं जिथल्या तिथं.

पण एक सांगते, आम्ही चुकून जंजिऱ्याला गेलो ते वाया नाही गेलं. राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ल्यापर्यंत शिडाच्या होडीने नेतात, इंजिनाची घरघर नाही काही नाही, नुसता पाण्याचा चुळुकचुळुक आवाज आणि शिडाचं कापड फडफडतं ते. डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून कोणी रडलं नाही. पण ती पहाटे नसते हं, किल्ला उघडायच्या वेळेलाच.

आणि वहिनींना बोट लागते ना, तर उपाशीपोटी नेऊ नका, आम्ही तीच चूक केलेली. लोकांना वाटतं पोटात काही नाही तर बाहेर काय येणार, पण रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. कोरडी चपाती किंवा दोन बिस्किटं, चहा कमी. गाडीत घेतो ती ॲव्होमीनची गोळी चालते पण बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यायची, आणि सासूबाईंना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. बसायचं मधे किंवा मागे, पुढे टोकाला बोट जास्त उडते. मोबाइलमधे मान घालायची नाही, लांब जिथं पाणी आणि आभाळ भेटतं तिथं बघत राहायचं.

ना_भो

माझ्या मेव्हण्याला कसारा घाटात हमखास गाडी लागते, पण बोटीत पठ्ठ्या तीन वडापाव खाऊन बसला होता, काही झालं नाही. आणि मी, ज्याला जन्मात गाडी लागली नाही, मी बोटीच्या कठड्यावर लोंबकळत. त्यामुळे ह्यात कुणाचं काय होईल सांगता येत नाही भो.

बाकी मुरुडला मी गेलोय, डॉल्फिन दिसतात, पण लांबून. आमच्या बोटवाल्याला म्हटलं घे जवळ, शंभर जास्त देतो, तर तो ऐकेच ना. तीनशे रुपये माणशी देऊन काळा ठिपका बघायचा का?

पाणकावळा_निफाड

तुमच्या त्या बोटवाल्याचा पत्ता द्या, त्याला मला द्राक्षाची पेटी पाठवायचीय.

मी पक्षीवाला माणूस आहे, नांदूर मध्यमेश्वरला पडीक असतो (आपलं नांदूर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, २०२० च्या सुरुवातीला जाहीर झालं, तरी निम्म्या नाशिकला गोदावरी-कादवा संगम कुठे आहे हे विचारलं की रामकुंडाकडे बोट दाखवतात, असो). तर नांदूरला बोट नेतच नाहीत, पहाटे मनोऱ्यावर गप बसायचं आणि जे येईल ते बघायचं. समुद्रावर पण तोच कायदा लावा.

आपल्या किनाऱ्याला जवळच्या उथळ पाण्यात जे दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असतो आणि त्यावर छोटा पर. रंग शिशासारखा करडा. ते टीव्हीवरच्यासारखे गिरक्या घेत उड्या मारणारे नाहीत, क्वचित मारतात. दिसतं काय, तर पाठ वर येते, फुस्स करून श्वास सोडल्याचा आवाज येतो, पाठ गोल होऊन परत खाली. मग अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त, काही नाही, आणि मग भलतीकडेच परत वर. म्हणून ज्यांना उडी बघायचीय त्यांचा हिरमोड होतो. मुलीला आधीच सांगून ठेवा.

बोट मागे लावली की ते खाली जातात आणि पार लांब निघतात, म्हणजे पैसे पण गेले आणि डॉल्फिन पण. त्यांच्याबरोबर पिल्लं असतात, आपल्यासारखा त्यांनाही श्वास घ्यायला वरच यावं लागतं, आठ बोटी चहूबाजूंनी घेरल्या की काय होत असेल विचार करा. वन्यजीव कायद्यात वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे त्यातच डॉल्फिन आहे. चांगला बोटवाला इंजिन बारीक करतो किंवा बंदच करतो आणि बाजूने जातो, समोरून आडवा जात नाही. ठरवतानाच सांगा की आम्हाला पाठलाग नको, दिसले तर दिसले.

आणि शोधायचे कसे, तर कुरव बघा, ते पांढरे-करडे पक्षी घोळक्याने पाण्यावर खाली-वर करत असतील तर तिथे माशांची झुंड असते आणि जिथं मासे तिथं हे. कुरव हिवाळी पाहुणे, तेव्हा तुमचा पौष महिना सगळ्या बाजूंनी बरोबर बसतोय.

ना_भो

बरं बाबा नाही घेत जवळ. वाघाचं एवढं माहीत नव्हतं.

गंपू_गंगापूररोड

जूनमधे जायचं कोणी ठरवत असेल तर नका ठरवू. मे संपत आला की बोटी बंद होतात त्या थेट ऑगस्ट उलटेपर्यंत. आमचे साडू गेलेले पावसाळी ऑफर घेऊन, तीन दिवस रूमवर पत्ते खेळून आले.

नाशिकरोड_फलाट४

गाडी चालवायची नसेल तर मंगला एक्सप्रेस आहे, नाशिकरोडवरून बसलं की पनवेलवरून थेट कोकण रेल्वेला लागते, रत्नागिरीला उतरा. दापोलीला मात्र रेल्वे नाही. आईबाबा आहेत तर गाडीच बरी.

आंजर्लेकर_नाशिकरोड

आईंच्या भीतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्यांना खोटा धीर देऊ नका, भीती खरी आहे. मी पाण्याकाठी वाढलो तरी मला पण आहे. बोटीत चढायच्या आधी तीन गोष्टी त्यांना स्वतः बघू द्या. लाईफ जॅकेट माणसागणिक आहे का, आणि ते फळीखाली कोंबलेलं नाही तर अंगात घातलेलं, बक्कल लावलेलं. बरेच जण उकडतं म्हणून मांडीवर घेऊन बसतात, मांडीवरचं जॅकेट म्हणजे उशी. मुलीच्या मापाचं आहे का तेही बघा, मोठ्या माणसाचं लहान मुलाच्या डोक्यावरून निघून येतं. दुसरं, किती माणसं भरतोय. आणि तिसरं म्हणजे बोटीवर नंबर आहे का आणि चालवणारा एकटा आहे का जोडीला खलाशी आहे. यातलं काही पटलं नाही तर सरळ उतरून यायचं, पैसे गेले तर गेले. हे त्यांच्या हातात दिलंत तर त्या येतील.

पुळणीवरून गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं, हे पण आधीच सांगा. साडी असेल तर पंचाईत.

उपनगरवाला

मंडळी, जाऊन आलो!! पौष शुद्ध दशमी, दापोलीचं मुरुड (दोनदा तपासलं 🙏).

जाताना इगतपुरीला समृद्धीवर चढलो. जून २०२५ मध्ये तो आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, बाबा बोगदा संपेपर्यंत “अजून आहे? अजून आहे?” करत होते. पुढे पनवेल, माणगाव, आंबेत, मंडणगड, दापोली. वाचवलेला सगळा वेळ माणगावच्या ट्रॅफिकमध्ये परत भरला तो भाग वेगळा.

संध्याकाळी हर्णै बंदरावर लिलाव बघितला. बैलगाड्या पाण्यात घालून होड्यांतले मासे किनाऱ्यावर आणतात, बैल पोटापर्यंत समुद्रात उभे, आमच्या मुलीने निफाडच्या चिखलात बैल बघितलेत पण समुद्रात पहिल्यांदा. समोर सुवर्णदुर्ग. युनेस्कोच्या यादीत २०२५ ला जे बारा किल्ले गेले त्यात हा पण आहे आणि आपला साल्हेर पण, तर बाबा लगेच शेजारच्या माणसाला सांगायला लागले की आमचा साल्हेर याच्यापेक्षा उंच आहे. तो म्हणाला हो का, मग आमच्यासारखा पाण्यात आहे का.

रात्री चांदणं. काका, सावली पडली. बायको काही बोलली नाही, फोटो पण नाही काढले, त्यावरून समजा.

बोटवाल्या काकांना रात्रीच फोन केला आणि जरा भाव खात म्हटलं, उद्या दशमी, साडेसातला भरती ना? पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, तुम्ही नाशिकचे ना? कोणी सांगितलं तुम्हाला? म्हटलं आमचे एक आंजर्लेकर आहेत. मग एकदम सूर बदलला, पावणेसातला या म्हणाले, अंधार असेल थोडा.

गेलो तर बोट खरंच किनाऱ्याशी तरंगत होती. आईने पाऊल टाकायच्या आधी उभं राहून सगळी जॅकेटं मोजली, मोठ्याने, एक-दोन-तीन करत, आणि मुलीचं बक्कल तीनदा ओढून बघितलं. खलाशी पोरगा हसत होता पण त्याच्या काकांनी डोळे वटारले. मग आईने पंजाबी ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली (आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस, हा धागा वाचूनच घेतला) आणि त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून चढली.

एक गोष्ट तुम्ही कोणीच सांगितली नव्हती, आणि मलाही आपल्या डोक्याने सुचली नाही. मी सगळ्यांना समुद्रातून सूर्य उगवताना दाखवणार होतो 😅 अहो पश्चिम किनारा! सूर्य मागून, डोंगरावरून येतो. पण झालं काय, आम्ही आत पाण्यात होतो, किनाऱ्यावरच्या माडांत अजून अंधार होता, आणि ऊन पहिलं पडलं ते सुवर्णदुर्गाच्या तटावर. खाली पाणी काळपट आणि वर तेवढीच एक तांबूस रेघ. ती हळूहळू खाली उतरत आली.

पाणी खरंच परातीतल्यासारखं. इंजिन बंद केलं तेव्हा आधी काहीच नाही, वीस मिनिटं नुसते बसून. दोन बोटी आमच्या बाजूने फुल स्पीडमध्ये पुढे गेल्या, त्यातले लोक ओरडत होते तिकडे तिकडे, माझीही चुळबुळ सुरू झाली, खोटं कशाला बोलू, मनात आलं की म्हणावं चला त्यांच्या मागे. तेवढ्यात मागून फुस्स. कुकरची शिट्टी सुटायच्या आधी जी हवा जाते ना, डिट्टो तसा आवाज. वळलो तर करडी पाठ, त्याच्या बाजूला एक छोटी पाठ, आणि गेल्या. मुलगी जागची हलली नाही. परत वर आल्या तेव्हा आमच्या बोटीच्या दुसऱ्या बाजूला, आठ-दहा हातांवर. एकूण चार वेळा दिसल्या. उडी नाही, गिरकी नाही. फोटोत फक्त पाणी आलंय, बारा फोटो पाण्याचे.

बायकोला लागली नाही. चपाती आणि गोळी, इंदिरानगरच्या ताईंना धन्यवाद. बाबांना लागली 😄 ते म्हणे मला कशाला पाहिजे गोळी.

द्राक्षाची पेटी पाणकावळासाहेबांच्या वतीने बोटवाल्या काकांना दिली. पहिल्या तोड्याची होती, जरा आंबट निघाली.

पाणकावळा_निफाड

आंबट द्राक्षं माझ्या नावावर कशाला खपवता हो! छोटी पाठ म्हणजे पिल्लूच, आईच्या बाजूला चिकटून पोहतात. इंजिन बंद ठेवलंत म्हणून इतक्या जवळ आली, माणसांना सांगून पटत नाही.

इंदिरानगरची_मी

सासूबाईंनी जॅकेटं मोजली हे वाचून फार बरं वाटलं. राहिलात कुठे? व्यनि (खासगी निरोप) करा ना, मार्चच्या सुट्ट्यांमध्ये आम्ही पण बघतोय, यावेळी चौघांचं बुकिंग मीच करणारे.

उपनगरवाला

ताई, व्यनि केला. शुद्ध दशमी बघूनच करा.

आंजर्लेकर_नाशिकरोड

सगळं वाचलं. छान. पण मुरुडपर्यंत गेलात, हर्णैला गेलात, आणि खाडी ओलांडून आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला नाही गेलात? आता तर पूल आहे, तिथी पण बघावी लागत नाही.

उपनगरवाला

गेलो होतो काका, लिहायचं राहिलं. वरून खाडीचं मुख दिसतं तिथं आई बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, आत्ता पाणी चढतंय का उतरतंय रे? तोंडी हिशोब घातला तर चुकला, मुलीने बरोबर सांगितलं.